वापसीत येतो

१

मला वाटलं होतं, इथे वळणच नसेल.

इंग्लंडमध्ये शिकत असताना एका उन्हाळ्यात आम्ही मैत्रिणींनी कालव्यातली नाव भाड्याने घेतली होती. तिथले कालवे आपल्या बैलबंडीच्या वाटेएवढे अरुंद. दोन्ही काठ हाताला लागतील इतके जवळ, आणि नाव मात्र आगगाडीच्या डब्यासारखी लांब. आत स्वयंपाकाचा ओटा, झोपायच्या फळ्या, छपरावर सायकली. चालत्या माणसाच्या वेगाने जायचं. कालवा नेईल तिकडे जायचं, तो वळेल तिथे वळायचं. पाणी चढवायचं-उतरवायचं असेल तर लाकडी दरवाजे आपणच ढकलून उघडायचे आणि आपल्यामागे आपणच लावायचे. काठाने कुत्रा फिरवणारा माणूस "आज ऊन छान पडलंय" म्हणायचा, आपणही तेच म्हणायचं. संपलं. पुढे कोणाचं काही लागत नाही.

एकेकाळी कोळसा वाहणारे ते कालवे पार मोडकळीला आले होते, गावोगावच्या लोकांनी स्वतः गाळ उपसून ते जिवंत केले, असं एका म्हाताऱ्याने आम्हाला सांगितलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माझ्या डोळ्यांपुढे आमचं पाणी होतं.

धरणाचं पाणी वैनगंगेतून मागे सरत सरत आत्याच्या येनटोल्यावर आलं तेव्हा मी शाळेत होते. गाव उठलं. वर माळावर घरं मिळाली. त्या वस्तीला इतक्या वर्षांनंतरही सगळे 'नवा गाव' म्हणतात. जुन्या गावावर आता नजर पोचेल तिथवर पाणी आहे, आणि नव्या गावातली माणसं त्या पाण्याकडे पाठ करून बसतात. अंगणात खाट टाकतानासुद्धा डोकं तिकडे करत नाहीत. ही पाठ वळवता येईल, असं मला वाटायचं. लोकांनी आपल्या पाण्यावर यावं, पाहुण्यांनी यावं, नावेत बसून भात आणि मासोळी खावी. इथल्या पोरींना नागपूरच्या कपड्यांच्या दुकानांत दिवसभर उभं राहावं लागू नये.

परत आल्यावर दिघोरीला घरच्या ओसरीवर मी हे सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी, म्हणजे सेवकरामांनी, पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नाव चालवाले विलायतेत गेली होती काय वो?" आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन भंडाऱ्याला वेल्डिंगवाल्याकडे गेले.

नाव मी तिथल्यासारखीच करून घेतली, लांब आणि चिंचोळी, मागे सुकाणूचा लोखंडी दांडा. भुपेंद्र येनटोल्याचाच, आता नव्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. इंजिन त्याने बसवलं. नाव पाहून तो म्हणाला, "ही नाव नोहोय ताई, गोठ्यातली गव्हान हाय. हिच्यात कडबा टाका."

पहिली फेरी अक्तीला ठरली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे अक्ती म्हणतात. त्या दिवशी पितरांना पाणी देतात. माझी आत्या, चंद्रभागाबाई, हिने एकदा बोलता बोलता म्हटलं होतं, "इथी कितीही पानी देवो, त्याइले सापडत असन काय? ते तं खाली हायेत." मी लगेच शब्द देऊन बसले. अक्तीला येनटोल्याच्या सगळ्या बायांना नावेतून न्यायचं, जुन्या गावाच्या जागी पाणी द्यायचं आणि उन्हं चढायच्या आत परत आणायचं. माझं पुढचं सगळं त्या एका फेरीवर होतं. बाया हसत परत आल्या तर गाव माझ्यासोबत येणार होतं.

आदल्या दिवसांत नाव तपासून पाहायची म्हणून रीताला नागपूरहून बोलावलं. तिकडच्या नावेत ती माझ्यासोबत होती, आणि एका दरवाज्याशी पाण्यात पडलीही होती. इथलं पाणी पाहून ती म्हणाली, "काय यार डिंपल, हा तर समुद्र आहे. इथे सुकाणू कशाला लागतं?"

मलाही तसंच वाटलं होतं. आणि पहिल्याच दिवशी नाव वळली. कोणी वळवली नव्हती.

२

सकाळची वेळ होती. वारा नव्हता. पाण्यातून सुकलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. दांडा माझ्या हातात होता, भुपेंद्र इंजिनापाशी उकिडवा आणि रीता पुढच्या टोकाला पाय सोडून. मी नावेचं नाक समोरच्या टेकडीवर धरलं होतं. दांडा सरळ होता. तरी टेकडी हळूहळू उजवीकडे सरकली आणि तिच्या जागी मोकळं आभाळ आलं.

"डावीकडे काय आहे?" रीताने विचारलं.

"काही नाही."

"मग तिकडे का चाललो?"

मी दांडा ढकलला. नाव ऐकेना. हाताला विरोध जाणवत नव्हता. काही अडकलं असतं तर तो जाणवला असता. अरुंद कालव्यात नाव काठाला घासते तेव्हा जसा दांडा हातात असूनही नसल्यासारखा होतो, तसं झालं होतं. थोडं अंतर आम्ही तसेच गेलो. मग नाव पुन्हा वळली, या वेळी उजवीकडे, आणि सरळ चालू लागली.

"पंख्याचा झोक असन," भुपेंद्र म्हणाला. "इंजिन एका अंगाले ओढते."

"एका अंगाला ना? ही तर दोन्हीकडे वळली."

"मंग वारा."

वारा नव्हता, हे त्यालाही दिसत होतं. त्याने कानामागची बिडी काढली, पाहिली आणि परत कानामागे ठेवली.

भीती वाटली असं म्हणणार नाही. उलट मला इतकं कुतूहल वाटलं की भूक लागलेली विसरले. इंजिन बंद करायला लावलं. नाव आधीच्या वेगावर सरकत राहिली आणि वळायची तिथे वळली. रीताने पाण्याची रिकामी बाटली टाकून पाहिली. बाटली सरळ तरंगत गेली. आम्ही वळलो. आम्ही मागे फिरून पुन्हा तिथूनच आलो. त्याच सुकलेल्या मोहाच्या झाडापाशी नाव पुन्हा डावीकडे गेली, आणि त्याच दोन शेंड्यांच्या मधून पुन्हा उजवीकडे.

"खाली प्रवाह असेल," मी म्हणाले. "जुनी नदी वाहत असेल. नाला असेल."

"असेल," रीता म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण नाला असा काटकोनात वळतो का गं?"

 परतताना भुपेंद्र सारखा नावेच्या कडेला कान लावून बसत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काई नाई. तळाले काईतरी घासते. शेवाळ असन."

मीही कान लावला. बारीक खर्र, मग थांबणं, मग खर्र. ओळखीचा आवाज होता. कशाचा, ते आठवेना.

३

अक्तीच्या आदल्या दिवशी आत्या म्हणाली, "मी येतो पाहाले. बाया बसवाच्या अगुदर मले बसव. डुबली तं एकटी मीच डुबीन."

ती नावेत चढली ती मांडीवर सूप घेऊनच. सुपात तंबाखू, पानं, दोरा. बिड्या वळणं तिचं बोलतानाही थांबत नाही. पुढे पाहिलं की गरगरतं म्हणून ती पुढच्या बाजूकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसली. म्हणजे जे येत होतं ते तिला दिसत नव्हतं. तिला फक्त मी दिसत होते.

रीताने तिच्यापुढे छत्री धरली. "आत्या, भीती वाटते का?"

"कायची वो? माह्याच गावात चालली ना."

भुपेंद्र इंजिनापाशी होता. आज त्याने गळ्यातला रुमाल कानांवरून घट्ट बांधला होता.

मोहाचं सुकलेलं झाड पुढे येत होतं. मी दांडा सरळ धरला होता आणि मनात म्हणत होते, आता पाहू. आत्याने एक पान कात्रीने कापलं, तंबाखू भरला आणि मान वर न करता म्हणाली, "आता वळते."

नाव वळली.

रीताने माझ्याकडे पाहिलं.

"आत्या," मी म्हणाले, "तुले कसं समजलं?"

"काय?"

"वळते म्हणून."

"मंग वळाले नाई पायजे? इथी हनुमानाचा पार नाई काय?" तिने बिडीचा हात तसाच कपाळाला लावून नमस्कार केला. "पाराले वळसा घालून जा लागते. सरळ कोनी जाते काय? घराइवरून थोडी जाते कोनी."

हे ती इतक्या साध्या सुरात म्हणाली की मला क्षणभर माझाच प्रश्न मूर्खपणाचा वाटला. रीता हळूच इंग्रजीत म्हणाली की आपण बोळातून चाललो आहोत. मी मान हलवली. माझ्या मनात भराभर हिशेब चालले होते. खाली भिंती असतील, भिंतींच्या मधून पाणी वेगळं वाहत असेल, लांब नाव त्या पाण्याच्या हातात जात असेल. पटण्याजोगं होतं. पण मातीच्या भिंती इतकी वर्षं पाण्यात राहत नाहीत, हेही मला ठाऊक होतं. पाणी आलं त्याच पावसाळ्यात ती घरं विरघळली असणार.

उजवीकडचं वळण आलं. "आता गोमाजीचा कोठा," आत्या म्हणाली, आणि आम्ही गोमाजीच्या कोठ्याला वळलो.

आता नाव अगदी हळू चालली होती. भुपेंद्रने वेग कमी केला नव्हता. पाणी तेलासारखं झालं होतं, उन्हाने डोळे दिपत होते. आत्याने मान किंचित उजवीकडे केली, ओळखीचं हसली आणि म्हणाली, "वापसीत येतो."

थोडं पुढे गेल्यावर डावीकडे, "हो जी, वापसीत येतो."

आमच्या गावांत दारावरून जाणाऱ्याला तसंच जाऊ देत नाहीत. ओसरीवरचं माणूस म्हणतं, या जी, बसा, चहा घेऊन जा. जाणारं म्हणतं, वापसीत येतो. बाई असली तरी 'येतो'च म्हणते. कोणी येत नाही, कोणी वाट पाहत नाही. न विचारणं अपमानाचं, आणि विचारल्यावर 'नाही' म्हणणं त्याहून अपमानाचं. मी लहानपणी आत्याचा हात धरून त्या गल्लीतून जायची तेव्हा पोचेपर्यंत तिची अशी कितीतरी वचनं देऊन व्हायची.

"आत्या, कोनाले म्हणते?"

"बसा म्हणते तं काय म्हणू मंग? तोंड फिरवून जाऊ?"

"कोन म्हणते?"

तिने बिडीला दोरा गुंडाळला. "आता तं पुष्पाबाई म्हणली. ते कवाची म्हणून राहिली, आली नाई वो, आली नाई वो. म्हणलं, वापसीत येतो."

भुपेंद्रच्या हातून पाना खाली पडला. लोखंडावर तो इतका मोठा वाजला की झाडांवरचे पाणकावळे उडाले.

पुष्पाबाई आत्याची शेजारीण होती. माझ्या हातावर गूळ ठेवणारी. गाव उठलं तेव्हा ती नव्या गावात आली नाही. पोरीकडे गेली, असं सगळे म्हणतात. कोणत्या पोरीकडे, ते कोणाला सांगता येत नाही.

४

परतताना दांडा भुपेंद्रने घेतला. "मी सरळ नेतो," तो म्हणाला. "गल्लीबिल्ली काई नाई. ह्या धुऱ्याधुऱ्यानं जाऊ आणि घाटाले लागू." बुडालेल्या शेतांच्या बांधांवरून तो गावाला बाहेरून वळसा घालू पाहत होता. मी त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला पाहायचं होतं काय होतं ते.

थोडा वेळ काही झालं नाही. दुपार भरली होती. पाण्यावरून गरम वाफ येत होती, माळावरची नव्या गावाची पत्र्यांची छपरं लखलखत होती. रीता म्हणाली, "उद्या पाण्याचे कॅन जास्त ठेवू," आणि मी म्हणाले, "हो." त्या साध्या बोलण्याने मला किती बरं वाटलं.

मग नावेचा वेग उतरला. इंजिन जोरात होतं, मागे पाणी उसळत होतं, आणि समोरचं घाटावरचं बाभळीचं झाड जिथल्या तिथे. भुपेंद्रने इंजिन आणखी ओढलं. झाड तिथेच. मग त्याने इंजिन बंद केलं, आणि आम्हाला तो आवाज ऐकू आला.

खर्र. खर्र. खर्र.

आता मला तो ओळखता आला. अंगण झाडायच्या खराट्याचा आवाज. नावेच्या तळाशी नव्हता. त्याच्याही खाली, लांबून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा, वळणारा, परत येणारा. कोणाला तरी घाई होती. मग तो थांबला. थोड्या वेळाने हाताने पाणी शिंपडल्याचा आवाज आला. पाण्याखाली, पाणी शिंपडल्याचा.

रीताने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

मी कडेवरून वाकले. का वाकले, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, मला राहवलं नाही. दोन्ही हातांनी उन्हाला आडोसा केला. आधी नुसता हिरवा गढूळपणा. मग डोळे सरावले, किंवा पाणी निवळलं, आणि खाली मला अंगण दिसलं. शेणाने सारवलेलं, खराट्याचे अर्धगोल उमटलेलं, त्यावर नुकताच सडा पडलेला. सड्याचे थेंब जिथे पडले होते तिथली माती गडद होती. बाकीची कोरडी होती. मी ती कोरडी माती पाहिली. मधोमध पाय धुवायला पितळी लोटा भरून ठेवला होता. पलीकडे उंबरा होता. उंबऱ्यावर दोन पावलं होती, जोडून उभी, वाट पाहणाऱ्या बाईची असतात तशी.

पावलांच्या वर मी पाहिलं नाही.

नाव डगमगली म्हणून मी मागे वळले. आत्या उठून उभी होती. सूप नीट बाजूला ठेवलेलं, पदर खोचलेला, आणि बैलबंडीतून उतरताना टाकावा तसा एक पाय तिने कडेच्या बाहेर टाकला होता.

मी आणि रीताने तिला एकदमच धरलं.

"सोडा वो," ती त्रासून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर वेड नव्हतं, झापड नव्हती. घाई होती, आणि थोडी लाज. "दोन मिंटं बसून येतो. कितीक खेप म्हणलं तिले, वापसीत येतो म्हणून. आता वापसीच हाय ना? ते झाडून-झुडून बसली हाय, अन् मी दारावरून जाऊ?"

"आत्या, पानी हाय खाली."

"माहीत हाय मले."

ती साठीची बाई, पण आयुष्यभर भाताची रोवणी केलेली. आम्हा दोघींना ती आवरत नव्हती. भुपेंद्र जागेवरून हलला नव्हता, तो कानांवर हात ठेवून बसला होता. आत्याचा पाय पाण्याला लागला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. विचार करून निघालं नाही. लहानपणापासून जसं निघत आलं होतं तसंच निघालं.

"पुष्पाकाकू, आता नाई. उद्या येतो. उद्या सगळेच येतो."

खाली लोटा सरकवल्याचा आवाज आला. सारवलेल्या जमिनीवर पितळ सरकतं तसा. नावेला हिसका बसला आणि ती आपली आपण सुटली, इतक्या जोरात की भुपेंद्रला इंजिन सुरू करायचीही गरज पडली नाही. घाट आमच्याकडे येऊ लागला.

आत्या खाली बसली, पाय पदराने पुसला आणि सूप परत मांडीवर घेतलं. "उद्या अक्ती," ती समाधानाने म्हणाली. "बेस सांगतलं तू. सगळ्या मिळून जाऊ."

५

सकाळी मी रीतासोबत घाटावर पोचले तेव्हा बाया आधीच येऊन बसल्या होत्या. नवी लुगडी, केसांना तेल, हातात पाण्याचे मातीचे करे. आत्याने सगळ्यांना सांगितलं होतं. मला वाटलं होतं निम्म्या तरी घाबरून येणार नाहीत. ज्या येणार नव्हत्या त्याही आल्या होत्या.

"पुष्पाबाईनं खुद बोलावलं म्हणते," रत्नमालाबाई मला म्हणाल्या. आत्याच्या गल्लीत त्यांचं शेवटचं घर होतं. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरी निघाल्यासारखा आनंद होता. इतक्या वर्षांत त्या पाण्याकडे तोंड करून बसलेल्या मी पहिल्यांदा पाहत होते. सगळ्याच तशा बसल्या होत्या. मी परदेशातून जे डोक्यात घेऊन आले होते, ते नेमकं माझ्यासमोर बसलं होतं.

मग मला बोचकी दिसली.

करे दोन्ही हातांत मावतात. पण बायांच्या मागे बोचकीही होती. एकीच्या बोचक्यातून घोंगडीचं टोक बाहेर आलेलं. एकीने पाटा आणला होता, वरवंट्यासकट. रत्नमालाबाईंच्या कमरेला एक गंजलेली किल्ली लटकत होती.

"ही कायची हो?"

"घराची. कुलूप लावून आली होती ना मी." त्या हसल्या. "पोरं हसत होते मले, डुबत्या घराले कुलूप लावते म्हणून."

"आणि घोंगडी? उन्हाळ्यात?"

"तठी गार असते," दुसरी कोणी म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी स्वतःला समजावून पाहिलं. वयस्कर बाया आहेत, सणाचा दिवस आहे, जुन्या जागी जुनी वस्तू घेऊन जावंसं वाटतं. काल ऊन डोक्यावर होतं, चकाकणाऱ्या पाण्यात काय वाटेल ते दिसतं. मी हे सगळं म्हणून पाहिलं आणि जवळजवळ पटवून घेतलं. ही फेरी मला हवी होती. किती हवी होती, ते त्या घाटावर मला कळलं.

मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गेले कितीतरी दिवस याच बाया मला वाटेत गाठून एकच विचारायच्या. वापस कवा येऊ वो? नातू शाळेतून येते, म्हशीचं दूध काढा लागते, वापस कवा येऊ? आज कोणीच विचारलं नव्हतं.

म्हणून मीच विचारलं. "रत्नमालाकाकू, वापस कधी यायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. लहान मूल काहीतरी भलतंच बोलून जातं तेव्हा मोठी माणसं पाहतात तसं.

"तूच तं बोलावनं घेऊन आली ना वो," रत्नमालाबाई म्हणाल्या.

आत्या पहिली उठली. करा कडेवर घेऊन ती नावेकडे चालू लागली.

मी धावत तिच्या पुढे गेले आणि नावेत उडी मारली. आत साचलेलं पाणी काढायला लोखंडी नावेच्या तळाशी बूच असतं. मी गुडघ्यांवर बसले, भुपेंद्रच्या पेटीतला पाना घेतला आणि ते फिरवायला लागले. "काय करून राहिली?" भुपेंद्रने काठावरून विचारलं. पण तो जवळ आला नाही, आणि आवाजावरून मला वाटलं त्याला ते हवंच होतं. शेवटचे आटे मी बोटांनी काढले. पाणी बोटाएवढ्या भोकातून उसळलं, गार, आणि माझ्या मांड्यांवर पसरलं.

घाटाजवळ पाणी कमरेएवढंच आहे. त्यामुळे नाव बुडाली नाही, नुसती खाली बसली. मी कडेवरून उतरून काठावर आले तेव्हा बायांपैकी कोणी ओरडली नव्हती, कोणी रागावली नव्हती. त्या एकेक करून खाली बसल्या, बोचकी मांडीवर घेऊन, बस चुकल्यावर दुसरीची वाट पाहत बसतात तशा.

आत्या उभीच होती.

"तू तिले येतो म्हणून सांगतलं," ती मला म्हणाली.

"हो."

"मंग आता?"

"कोनी नाई जानार आत्या. कोनीच नाई."

 मग ती पाण्याकडे वळली, कपाळावर आडवा हात धरला आणि शेजारच्या घरात हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "पुष्पाबाई, आज येनं होत नाई वो. पोरीनं नाव डुबवली."

आणि मान कलती करून थांबली. सगळ्या बाया थांबल्या. रीता थांबली. माझ्या मुठीत ते ओलं बूच होतं आणि मीही थांबले. पाण्यावर काही हललं नाही.

आत्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि कडेवरचा करा सावरला.

"काय म्हणते?" मी विचारलं. मी हे विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली. "म्हणते, मंग मीच येतो."

ती घराकडे वळली, बायाही उठून तिच्या मागे चालू लागल्या. रीता मला म्हणाली की दुपारच्या एसटीने दोघीही निघू, आत्यालाही सोबत घेऊ, थेट नागपूर. मी तिला सांगितलं की आत्या येणार नाही. पाहुणा येतो म्हटल्यावर आमच्याकडे घर सोडून कोणी जात नाही. रीताला मी एसटीत बसवून द्यायचं ठरवलं, बाबांना निरोप द्यायचा ठरवला, आणि माझं सामान आत्याच्या पुढच्या खोलीत, दारालगत टाकायचं ठरवलं. कडी वाजली तर उघडायला आत्याने उठायचं नाही. मी उठायचं.